मसल-अप येतो, पण 70 किलो हलत नाही

पत्राचा सारांश: वाचक 19 वर्षांची, पुण्यात शिकणारी. सातव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स केलं, राज्य स्पर्धांपर्यंत पोचली. दीड वर्षापूर्वी व्हॉल्टवरून उतरताना उजव्या घोट्याचं लिगामेंट फाटलं आणि खेळ सुटला. तीन महिन्यांपूर्वी ती एका क्रॉसफिट बॉक्समध्ये (वजनं, जिम्नॅस्टिक्स आणि दमाचे व्यायाम एकत्र करणाऱ्या खेळाच्या जिममध्ये) जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात रिंगवर मसल-अप (लटकून स्वतःला ओढत हात सरळ होईपर्यंत रिंगच्या वर नेणं) मारला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी होणाऱ्या स्पर्धेत तिने थेट आरएक्स गटात (ठरलेली पूर्ण वजनं उचलणाऱ्यांच्या गटात) उतरावं, असं कोचचं म्हणणं आहे. पण डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) 55 किलोवर अडकलाय, 29 किलोचे थ्रस्टर (स्क्वॉटमधून उठत बार डोक्यावर ढकलणं) दहानंतर होत नाहीत आणि दहा मिनिटांच्या वर्कआउटमध्ये चौथ्या मिनिटाला दम संपतो. वजन 48 वरून साडेपन्नास झालंय, त्याची धास्ती वाटते. आई म्हणते, जुना क्लब मुलांना शिकवायला बोलावतोय, तिकडे जा. तिचे प्रश्न असे: जिम्नॅस्टिक्स पूर्ण सोडून द्यायचं का, स्पर्धेत उतरायचं का, आणि अकरा वर्षं वाया गेली का? शेवटी ओझरतं लिहिलंय की पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा येते, "पण आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं".

उत्तर:

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात. एकीकडे म्हणतेस, "जिम्नॅस्टिक्स झालंय म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे, फक्त वजन उचलायला शिकायचंय." आणि खाली लिहितेस, "अकरा वर्षं वाया गेली." दोन्ही खरं नाही. या खेळात जिम्नॅस्टिक्सचा वाटा किती, हे तू त्या टाळ्यांवरून मोजते आहेस, तिथेच गडबड होतेय.

ज्यांना मसल-अप येत नाही त्यांच्यात तो येणं उठून दिसणारच. स्पर्धेत मात्र तो येतो की नाही, हे कुणी विचारत नाही. वीस थ्रस्टर मारून श्वास घशाशी आलेला असताना सहा मसल-अप किती सेकंदांत होतात, एवढंच बघतात. तुझं कौशल्य तुझ्या दमाच्या आणि पायांच्या ताकदीच्या बरंच पुढे गेलंय. मधलं अंतर भरून निघेपर्यंत रिंगवर घातलेला प्रत्येक जादा तास चुकीच्या खात्यात जातो. आवडतं आणि येतं ते करत राहावंसं वाटतं, हे समजतं. पण येत्या सहा महिन्यांत तुला नेमकं तेच कमी करायचंय.

जिम्नॅस्टना इथे जागा नाही, असं मात्र अजिबात समजू नकोस. क्रॉसफिट सुरू करणारा ग्रेग ग्लासमन मुळात जिम्नॅस्टच. क्रॉसफिट गेम्स ही या खेळाची सर्वात मोठी स्पर्धा 2011 आणि 2012 मध्ये जिंकणारी अ‍ॅनी थोरिसडॉटिर आणि 2015, 2016 मध्ये जिंकणारी कॅट्रिन डेव्हिड्सडॉटिर, या दोघी आइसलंडच्या मुलीही जिम्नॅस्टिक्समधूनच आल्या. कॅट्रिनचं 2014 साल बघ. पाय न वापरता दोरावर चढायच्या फेरीत ती अडकली आणि त्या वर्षी गेम्सला पात्रच ठरली नाही. जिम्नॅस्ट मुलगी दोरावर अडकली! पुढच्याच वर्षी ती जिंकली. दुसरीकडे 2017 ते 2022 सलग सहा वर्षं जिंकलेली ऑस्ट्रेलियाची टिया-क्लेअर टूमी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगच्या 58 किलो गटात उतरली होती. कुठून आलात याने सुरुवातीला मदत होते. पुढे जी बाजू लंगडी असते, तीच निकाल ठरवते.

तुझ्या लंगड्या बाजू दोन: दम आणि बार.

दमाचं कारण सरळ आहे. फ्लोअर किंवा बीमचा सेट जास्तीत जास्त 90 सेकंदांचा, बारचा त्याहून छोटा, व्हॉल्ट तर काही सेकंदांत संपतो. मग दुसऱ्यांचे सेट होईपर्यंत बसायचं, चॉक लावायचा, कोचचं ऐकायचं. अकरा वर्षं शरीराने हेच शिकलंय: झटका, मग विश्रांती. इथले वर्कआउट सात ते वीस मिनिटांचे, आणि तू पहिली दोन मिनिटं फ्लोअरच्या सेटसारखी मारतेस. चौथ्या मिनिटाला संपतेस यात नवल काही नाही.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. आठवड्यात दोनदा सायकल, रोइंग मशीन किंवा भरभर चालणं. आधी 30 मिनिटं, दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत 45 पर्यंत. वेग असा, की शेजारच्याशी अख्ख्या वाक्यात बोलता यावं. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग कमी कर. तुझ्यासारख्या मुलींना हे फार हळू वाटतं आणि दहाव्या मिनिटाला त्या शर्यत लावतात. लावू नकोस. शिवाय आठवड्यातून एकदा 3 मिनिटं जोरात आणि 3 मिनिटं आराम, असं पाच वेळा. पाचव्या वेळचं अंतर पहिल्याइतकंच भरलं पाहिजे. कमी भरलं, तर पहिलं जास्त जोरात मारलंस. रोइंग मशीनवर डॅम्पर (ओढ जड-हलकी करायचा खटका) 4 च्या आसपास ठेव. 10 वर लावून ओढणं मर्दुमकीचं वाटतं, पण तुझ्या 152 सेंटिमीटर उंचीला त्याने पाठ आधी थकते. धावणं मात्र घोट्यामुळे सावकाश: आधी 10 मिनिटं, आठवड्यात दोनदा. नडगीच्या आतल्या कडेला बोट दाबून एका ठरावीक ठिकाणी दुखलं, तर धावणं बंद करून हाडाच्या डॉक्टरांना दाखव.

आता बार. इथे एक गोष्ट कुणी तुला नीट सांगितलेली दिसत नाही: या खेळात वजनी गट नाहीत. आरएक्समध्ये महिलांना नेहमी लागणारी वजनं म्हणजे 29 किलोचा थ्रस्टर, 15 किलोचा डंबेल, 6 किलोचा वॉल बॉल (भिंतीवर फेकायचा जड चेंडू) 9 फुटांवरच्या खुणेला आणि 70 किलोचा डेडलिफ्ट. 50 किलोच्या मुलीलाही तेच, 68 किलोच्या मुलीलाही तेच. जिम्नॅस्टिक्समध्ये लहान चणीचा फायदा होता, इथे त्याची किंमत मोजावी लागते. म्हणजे ज्या अडीच किलोंची तुला धास्ती वाटतेय, ते तुझ्या कामाचे आहेत. वर्षभरात आणखी दोन-तीन किलो स्नायू चढला तर मसल-अप थोडा जड होईल आणि बाकी सगळं हलकं.

बारवर तुझ्या जुन्या सवयी कुठे आडव्या येतील, तेही सांगते.

क्लीन (बार जमिनीवरून खांद्यांवर घेणं) आणि स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर नेणं) करताना तू वर उडशील. चवडे ताणलेले, पाय जमिनीपासून वीतभर सुटलेले, आणि उतरताना गुडघे ताठ, कारण लँडिंग चिकटवायची सवय. इथे बार वर गेला की स्वतःला त्याच्या खाली ओढायचं असतं. उडालीस की खाली जायला उशीर होतो आणि बार छातीवर आदळतो. त्यासाठी सहा आठवडे फक्त 15 किलोच्या बारने, मांडीपासून सुरू करून, उडी न मारता क्लीन कर: टाचा किंचित उचलतील, चवडे जमिनीवरच राहतील. तीन-तीनचे आठ सेट, प्रत्येक रेपला खाली स्क्वॉटमध्ये दोन सेकंद थांबून.

डेडलिफ्टमध्ये तुझी लवचीकताच आड येते. मांडीच्या मागचे स्नायू इतके सैल आहेत की खाली वाकल्यावर त्यांना ताणच बसत नाही. मग गुडघे सरळ होतात, ढुंगण वर जातं आणि सगळं कंबरेवर येतं. 55 वर अडकण्याचं कारण बहुधा हेच असावं. बाजूने व्हिडिओ काढ. बार जमिनीवरून सुटायच्या आधी ढुंगण वर सरकत असेल तर वजन 40 वर आण. सोबत रोमानियन डेडलिफ्ट (उभ्याने सुरू करून कंबरेतून वाकत बार खाली नेणं) घे: तीन सेकंदात खाली, नडगीच्या मध्यावर थांबायचं, त्याखाली जायचं नाही. तू आणखी खाली जाऊ शकतेस, हे माहीत आहे. तरीही नाही.

डोक्यावर वजन घेताना कंबर आत जाते आणि बरगड्या पुढे येतात. लँडिंगनंतर छाती काढून हात वर करायची सवय इथे वजनासकट होते. जिम्नॅस्टच्या कंबरेच्या मणक्यात मागच्या बाजूला बारीक तडा जाणं ही ओळखीची दुखापत आहे. त्यामुळे मागे वाकल्यावर कंबरेत एकाच बाजूला दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांत गेलं नाही, तर मालिश करत बसू नकोस, तपासून घे. सरावासाठी एक गुडघा टेकून, श्वास पूर्ण सोडून बरगड्या खाली आल्यावरच एका हाताने डंबेल वर ने. कोपर मागे वळत असेल (बऱ्याच जिम्नॅस्ट मुलींचं वळतं), तर हात सरळ झाला की थांबायचं, त्यापुढे लॉक करायचं नाही.

आणि बार कोणता, तेही बघ. महिलांचा बार 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाडीचा असतो, पुरुषांचा 20 किलोचा आणि 28 मिलिमीटरचा. अनेक ठिकाणी एकच जुना 15 चा बार कोपऱ्यात पडलेला असतो आणि मुलींना 20 चा दिला जातो. छोट्या हाताला त्यावर अंगठ्यावरून बोटं आवळणारी हुक ग्रिप बसत नाही आणि स्नॅच निसटतो. तो 15 चा बार मागून घे, लाजू नकोस.

जे तुला येतं त्यातही थोडं विसरावं लागेल. तुझा बारवरचा झोका फार मोठा असणार, कारण अनइव्हन बारवर मोठा झोकाच लागायचा. टोज-टू-बारमध्ये (लटकून पायाची बोटं बारला लावताना) मोठ्या झोक्याने लय तुटते आणि हात लवकर जातात. खांद्यातून छोटा आर्च (छाती पुढे), छोटा हॉलो (छाती आत), बस्स. सलग पंधरा होतात म्हणून पंधरा मारू नकोस; पाच-सहाचे तुकडे कर आणि मध्ये पाच सेकंद खाली उतर. पंधरानंतर अर्धा मिनिट बारकडे बघत उभं राहण्यापेक्षा हे केव्हाही जलद.

हँडस्टँड पुश-अपमध्ये तू डोकं दोन्ही हातांच्या मध्ये सरळ रेषेत आणशील, कारण तुला तेच सुंदर म्हणून शिकवलंय. त्यात मानेवर भार येतो आणि ढकलायला जागा राहत नाही. डोकं हातांच्या पुढे टेकव, दोन तळवे आणि डोकं मिळून त्रिकोण झाला पाहिजे, आणि किप करताना (पायांच्या झटक्याने वर जाताना) गुडघे बिनधास्त वाकव. इथे वाकड्या पायाला गुण कापत नाहीत. मात्र खुणेपर्यंत टाच गेली नाही तर नो-रेप मिळतो, म्हणजे तो पुश-अप मोजत नाहीत. सुबकपणा सोडायचा आणि नियमाची खूण काटेकोर गाठायची, हा बदल मुलींना सर्वात जड जातो, असं दिसतं.

जुने ग्रिप घरी ठेव. आत कांडी असलेले लेदर ग्रिप तुमच्या 40 मिलिमीटर जाडीच्या दांडीसाठी बनवलेले असतात. बॉक्समधल्या बारीक पुल-अप बारवर तेच लेदर स्वतःवरच गुंडाळून अडकू शकतं, शरीर फिरतं आणि मनगट जागेवर राहतं. हाड मोडतं त्यात. इथले बिनकांडीचे ग्रिप वेगळे येतात, ते घे. आणि बॉक्स जंपला (लाकडी खोक्यावर उडी मारताना) वरून उडी मारून परत उसळू नकोस, पायरी उतरल्यासारखी उतर. दुखावलेल्या घोट्याच्या मागच्या जाड शिरेवर (अकिलिस टेंडनवर) दमलेल्या अवस्थेत उसळ्या मारणं फार महागात पडतं.

एक धोका तुझ्यासारख्यांनाच जास्त असतो. नवशिका दहा पुल-अपमध्ये थकून थांबतो. तुझ्यात कौशल्य आहे, म्हणून तू शंभर मारू शकतेस, पण दीड वर्षाच्या खंडानंतर स्नायू तेवढ्याला तयार नसतात. मग स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात येतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड सुजून कोपर सरळ होत नसेल आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर घरी लिंबूपाणी पीत बसायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातलं सीपीके (स्नायूंसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासायला सांग. पहिले सहा महिने एका दिवसात सगळे मिळून 50 च्या वर किपिंग पुल-अप नकोत, आणि सिट-अपच्या उंच मशीनवर तर सुरुवातीला 15 पुरे.

आता ते ओझरतं लिहिलेलं वाक्य. "सगळ्यांचंच असं असतं" हे खरं असेलही, पण त्याने ते ठीक ठरत नाही. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, पाठोपाठ हाडांची भर थांबते. हाडं भरण्याचं वय तुझं आत्ता चालू आहे आणि तू त्यांच्यावर वजन चढवायला निघाली आहेस. स्पर्धेचा अर्ज भरायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल विचार. पाळी नियमित करायला नुसत्या गोळ्या दिल्या, तर मूळ कारण काय, हेही विचार. गोळीने पाळी येते, खाण्याची तूट भरत नाही.

खाण्याचं गणित अवघड नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुला दिवसाला 80 ग्रॅम. चार अंडी, 50 ग्रॅम सोयाबीन वड्या, 100 ग्रॅम पनीर आणि दोन वाट्या घट्ट वरण, एवढ्यात ते भरतं. पण जिम्नॅस्ट मुली प्रथिनं खातात आणि भात-भाकरी सोडतात, नडतं ते तिथे. सकाळी सहाच्या बॅचला रिकाम्या पोटी जायचं नाही, दोन केळी तरी खाऊन जा. वर्कआउटनंतर तासाभरात पोटभर जेवण, त्यात भाकरी किंवा भात हवाच. "प्री-वर्कआउट" म्हणून बॉक्समध्ये फिरणाऱ्या डब्यांपासून लांब राहा. डोप चाचणीत सापडलीस, तर डबा कुणी दिला होता हे कुणी ऐकत नाही.

पहिल्या बारा आठवड्यांचा आठवडा असा धरता येईल. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकद: स्क्वॉट आणि प्रेस (बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलणं) रोज पाच-पाचचे तीन सेट, डेडलिफ्ट फक्त बुधवारी, क्लीनचा सराव उरलेल्या दोन दिवशी. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला दर आठवड्याला अडीच किलो वाढ, प्रेसला एक. अर्धा किलोच्या प्लेट बॉक्समध्ये नसतील तर स्वतः विकत घे; प्रेस अडीचच्या उडीने वाढत नाही, अडकतो. मंगळवार आणि शनिवार दमाचे, शनिवारी 3 मिनिटांचे जोराचे तुकडेही त्यातच. बॉक्सचा सगळ्यांबरोबरचा वर्कआउट आठवड्यात दोनदाच, बुधवार-शुक्रवारी ताकदीनंतर, तोही हलक्या वजनाने. रिंग आणि हातांवर चालणं फक्त सोमवारी, 20 मिनिटं, आणि ते दमलेल्या अवस्थेत: रोइंगवर 12 कॅलरी, लगेच साडेसात मीटर हातांवर, असं पाच वेळा. रविवार सुट्टी.

तुझ्यासारख्या इतरांसाठी दोन ओळी. रिंगवाल्या मुलग्यांची वरची बाजू तयार असते, त्यांनी वरच्या आठवड्यात प्रेसऐवजी फ्रंट स्क्वॉट (बार खांद्यांच्या पुढे धरून) घालावा. दोरीच्या मल्लखांबातून येणाऱ्या मुली दोर पायाच्या अंगठ्यात धरतात, इथे पायात बूट असतात. त्यांनी एका पावलावरून दोर घेऊन दुसऱ्याने दाबायची पकड पहिल्या महिन्यातच शिकावी, नाहीतर हातांच्या जोरावर चढत राहतात आणि तिसऱ्या चढणीला हात संपतात.

स्पर्धेचं बघू. आरएक्समध्ये आत्ता नको. 70 किलोचे पाच स्वच्छ डेडलिफ्ट, 29 किलोचे सलग पंधरा थ्रस्टर, 6 किलोचे सलग पंचवीस वॉल बॉल, सलग पन्नास डबल अंडर (एका उडीत दोरी दोनदा फिरवणं) आणि 2 किलोमीटर रोइंग नऊ मिनिटांच्या आत, एवढं होत असेल तर आरएक्स. चार महिन्यांत यातलं बरंचसं होईल, सगळं होण्याची शक्यता कमी. मग स्केल्ड गटात (हलक्या वजनांच्या गटात) किंवा जोडीने खेळायच्या गटात उतर. जोडीत तू रिंग आणि हँडस्टँड घेशील, जोडीदार जड बार घेईल. कोचला हे पटलं नाही, तर त्याला विचार, 70 किलोचे तीस डेडलिफ्ट आले तर मी काय करायचं. उत्तर "होईल गं" एवढंच आलं, तर तुझी तयारी त्याने मोजलेली नाही, असं समज. आणि 19 म्हणजे उशीर, ही जिम्नॅस्टिक्सची मोजणी आहे. इथे पस्तिशीपुढच्यांचेही वेगळे गट असतात.

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं आधी नीट लाव आणि त्यांची पडताळणी करून घे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांना आणि ठरावीक पातळीच्या कामगिरीलाच लागू होतं. तुझी कामगिरी त्यात बसते का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार. नव्या खेळातल्या पदकाचा तिथे उपयोग होईल, असं गृहीत धरू नकोस. क्लबला शनिवार-रविवार संध्याकाळपुरतं हो म्हणायला हरकत नाही. मात्र तासभर पोरांना कंबरेतून धरून वर उचलणं हाही पाठीचा आणि खांद्याचा व्यायामच आहे. त्यामुळे रविवारी मुलांना स्पॉट केलंस, तर सोमवारचा स्क्वॉट मंगळवारी ढकल आणि सोमवारी नुसती सायकल मार.